कारण : खार

खात्यात सगळे त्याला खारमामा म्हणत. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बायकोच्या तोंडी होतं. तीही ते फक्त रागावली की घ्यायची.

एकतीस वर्षं तो विजेच्या तारांखाली वावरला. पहिली चौदा वर्षं बाकीच्या लाइनमनसारखीच गेली. खांबावर चढायचं, उतरायचं, लोकांच्या शिव्या खायच्या, डबा खायचा. मग एका साहेबाशी त्याचं वाजलं. साहेबाने शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात एक काम मारलं. पशुपक्ष्यांमुळे वीज जाते, ती जायची थांबव. हे काम कुणालाच जमणार नाही आणि वर्षाअखेर जाब विचारता येईल, असा साहेबाचा हिशेब होता. साहेब बदली होऊन गेला. काम मामाकडे राहिलं, आणि मामा त्यात रमला.

"माकडाच्या हाती कोलीत दिलं त्यांनी," बायको म्हणायची.

खार कशी मरते ते तो नव्या माणसाला हातवारे करून दाखवायचा. खांबावर ट्रान्सफॉर्मरची लोखंडी टाकी असते. टाकीच्या डोक्यावर चिनी मातीच्या उभ्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला तार. खारीचे मागचे पाय टाकीवर, पुढचे पाय हवेत, नाक तारेला. संपलं. बंदुकीसारखा बार होतो आणि दोन हजार घरांतले पंखे थांबतात. कुणाची पिठाची गिरणी अडते, कुणी लिफ्टमध्ये लटकतं. लोक खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. खारीला कुणी काही म्हणत नाही. ती खाली गवतात पडलेली असते. मिशा जळालेल्या, पुढचे दोन पाय छातीशी धरलेले.

यावर उपाय म्हणजे नळ्यांवर टोप्या. खात्याकडे टोप्या नव्हत्या, तेव्हा मामाने शेकायच्या रबरी पिशव्या कापून पहिल्या चाळीस टोप्या घरीच शिवल्या. बायकोच्या शिवणयंत्राच्या तीन सुया मोडल्या.

"लोक बायकोसाठी दागिने करतात," ती शेजारणीला सांगायची, "आणि हे खारीला टोपडी शिवतात."

खार झाली, मग कावळे. कावळा घरट्यात काटक्यांबरोबर कपड्यांच्या तारेचे तुकडे लावतो, हँगर लावतो. एकदा तर चष्म्याची काडी निघाली. पाऊस पडला की त्या घरट्यातून वीज वाट काढते. मामा घरटी अंड्यांच्या आधी उतरवायचा. अंडी असली तर वीस दिवस थांबायचा आणि त्या वीस दिवसांत रोज दुर्बिणीने बघून यायचा. साप उपकेंद्रात पक्ष्यांच्या मागावर येत, म्हणून कुंपणाच्या तळाला त्याने गुळगुळीत पत्रा लावून घेतला. पाली पेट्यांमध्ये शिरत, म्हणून केबलच्या भोकांत काचेच्या तावदानांना लावतात ती लांबी भरली. कोणतं जनावर कोणत्या महिन्यात कुठे येतं, हे त्याच्या वहीत होतं.

नियम मात्र त्याचा स्वतःचा नव्हता. तो मिस्त्रीचा होता.

मिस्त्रीने मामाला आणि मामाच्या आसपासच्या वयाच्या सगळ्यांना तारेवर चढवलं. उजव्या हाताची दोन बोटं तारेला देऊन तो निवृत्त झाला. "मढं दाखव, मग खार लिही," हे त्याचं वाक्य. कारण उपकेंद्रातल्या रजिस्टरला शेवटचा रकाना असतो, 'कारण' या नावाचा. वीज गेली, आली, मिनिटं किती, आणि कारण. कारण सापडलं नाही की लाइनमन तिथे 'खार' लिहून मोकळा होतो. सगळ्यांच्या सोयीचं असतं ते. खारीला मेमो देता येत नाही. खार खुलासा लिहीत नाही. खारीची बदली होत नाही.

"रजिस्टरमध्ये जेवढ्या खारी मेल्या तेवढ्या या पृथ्वीवर जन्मल्या नसतील," मिस्त्री म्हणायचा.

म्हणून मामा मढं शोधायचा. गवतात, गटारात, पत्र्यांवर. मांजरीने नेलं असेल तर वर नळीवर शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग शोधायचा, डागाला चिकटलेले केस शोधायचा. काहीच दिसलं नाही तर रकान्यात लिहायचा, 'कारण सापडले नाही'. साहेब लोक चिडत. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा त्याच लाइनखाली मान वर करून हजर. अशा न सापडलेल्या कारणांतून त्याने सैल झालेले सांधे काढले, तडकलेले इन्सुलेटर काढले, एकदा पतंगाच्या मांजाला बांधलेला तांब्याचा तुकडा काढला. प्राण्यांमुळे वीज जायची ती वर्षाला शंभरावर वेळा. ती एकोणीसवर आली. खात्याने त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला. नवीन साहेबाने विचारलं, मामा, तुम्हाला काय हवं ते मागा. मामाने एक नियम मागून घेतला. ज्या खांबावर 'खार' लिहिली जाईल, तिथे सात दिवसांत माणूस जाऊन माप घेईल आणि टोपी बसवेल. साहेबाने त्याच दिवशी परिपत्रक काढलं.

लांब्या म्हणजे मिस्त्रीचा मुलगा. अकरा वर्षं मामाचा जोडीदार. दारातून जाताना वाकायचा आणि वाकलेलाच पुढे दोन पावलं चालायचा, इतका उंच. बापाच्या तालमीतला असूनही स्वभावाने हसरा. गाडीतून जाताना झाडावर खार दिसली की ओरडायचा, "मामा, सासुरवाडीची मंडळी आली बघा. उतरायचं का भेटायला?"

"तुझीच मेव्हणी आहे ती. तू उतर."

"मला कशाला ओळखेल ती? तुम्हाला बघून पदर घेतला तिने."

कमरेचा पट्टा लांब्या सकाळी घरातून निघतानाच बांधायचा आणि घरी गेल्यावर सोडायचा. चढायचं असो नसो. बायको म्हणायची, झोपताना तरी काढा. हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला लाइन बंद पडली. उपकेंद्रातून लगेच पुन्हा चालू केली, टिकली. टिकली तरी कारण शोधावं लागतं. दोघांनी लाइन वाटून घेतली. लांब्याकडे वरची बाजू, मामाकडे खालची. मामाने एकतीस खांब बघितले. प्रत्येक खांबाखाली उभं राहायचं, मान मागे टाकायची, दुर्बीण लावायची, तार, इन्सुलेटर, नळ्या, पुन्हा तार. मानेचे मणके झिजलेत असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होता. त्या दिवशी ऊन होतं. एकतिसाव्या खांबाशी मानेतून एक कळ निघाली ती थेट डोळ्यामागे गेली. मामा क्षणभर फुटपाथवर बसला.

कोपऱ्यावरचा शिंपी दुकानातून बाहेर आला.

"त्या तिकडे बार झाला बघा. गल्लीच्या टोकाला. सत्तेचाळीस नंबर."

मामाने तिकडे बघितलं. दीडशे पावलं असतील. खांब अर्धा झाडात होता. खांबावर छोटा ट्रान्सफॉर्मर, टोप्या नसलेला.

"खार असेल," शिंपी म्हणाला. "या झाडावर फार माजल्यात. माझी सुताची रिळं पळवतात."

'असेल' या शब्दावर मामाने आयुष्यभर माणसांना झोडपलं होतं. नव्या पोरांना तो विचारायचा, असेल म्हणजे? आहे की नाही? लग्नाला बायको असेल असं म्हणून मांडवात उभा राहशील का? त्या दिवशी त्याला फक्त एवढंच कळत होतं की अजून एकदा मान मागे टाकायची आहे.

"असेल," तो म्हणाला.

शिंप्याने पाणी दिलं. ते पिऊन तो गाडीकडे वळला. उपकेंद्रात रजिस्टर उघडून लिहिलं. खांब ४७. कारण : खार. खाली सही.

लांब्याने खांद्यावरून वाकून वाचलं. "मढं?"

"मांजरीने नेलं."

"डाग?"

"आहे," मामा म्हणाला.

लांब्याने मान हलवली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तो परत जाऊन बघून आला असता. मामाने सांगितलं होतं, त्यामुळे प्रश्न मिटला. त्याने टोप्यांच्या यादीत सत्तेचाळीस नंबर चढवला आणि समोर आपलं नाव लिहिलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला लांब्या एकटाच त्या गल्लीत गेला. माप जमिनीवरून घेता येतं. ट्रान्सफॉर्मरवर पाटी असते, ती दुर्बिणीने वाचायची, वहीत उतरवायची. त्याला दोन माणसं लागत नाहीत, लाइन बंद करावी लागत नाही. मामा तेव्हा दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्रात पेट्यांची भोकं तपासत होता. रात्रभर दव पडलं होतं. गवत भिजलेलं होतं, खांब भिजलेला होता.

शाळेत जाणाऱ्या एका बाईंनी त्याला खांबाच्या बुंध्याशी पडलेला बघितलं. डोकं मागच्या दगडी कठड्यावर आपटून फुटलं होतं. कमरेला पट्टा होता.

ओळख पटवायला मामा गेला. दवाखान्याच्या त्या खोलीत एक टेबल होतं, एक नळ होता आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ होतं. लांब्याचे पाय टेबलाबाहेर आले होते. कुणीतरी खाली स्टूल लावलं होतं. मामाने चेहरा बघितला, मान हलवली, कागदावर सही केली. मग चादरीतून बाहेर आलेला उजवा हात त्याला दिसला.

तळहात स्वच्छ होता. हात उलटा केला. मधल्या दोन बोटांच्या पेरांवर कातडी पांढरी पडली होती आणि पांढऱ्यात मधोमध काळं होतं.

हेही मिस्त्रीचंच शिकवणं. कुठल्याही खांबाला आधी उलटा हात लावायचा. तळव्याने धरलंत आणि वीज असली, तर मूठ आपोआप मिटते आणि खांब सोडता येत नाही. उलट्या हाताने मूठ आतल्या बाजूला मिटते, खांबापासून सुटते. छोट्या विजेला माणूस वाचतो. मोठ्या विजेला कुठलाच हात पुरत नाही. पण चढणारा माणूस उलटा हात लावत नाही. चढायला दोन्ही तळवे लागतात. लांब्या जमिनीवर उभा होता आणि बापाने सांगितलं तसं करत होता.

मामा तिथून चालत सत्तेचाळीस नंबरला गेला. लाइन तोवर बंद केलेली होती. त्याने मान मागे टाकली, दुर्बीण लावली. तार ज्यावर बसते तो चिनी मातीचा इन्सुलेटर वरपासून खालपर्यंत तडकलेला होता. चिरेतून काळा ओघळ उतरून खांबाच्या लोखंडाला टेकला होता. असा ओघळ तीन दिवसांत होत नाही. खाली गवत बाजूला केलं. खांबातली वीज जमिनीत नेणारी पट्टी गंजून तुटलेली होती. कोरड्या उन्हात तो खांब गुपचूप उभा राहायचा. दवात भिजला की जिवंत व्हायचा.

नळीवर डाग नव्हता. केस नव्हते. खार कधीच आली नव्हती.

शिंपी दाराशी आला होता. "मामा, हाच का तो? मंगळवारचा?"



सोमवारी तो साहेबापुढे उभा राहिला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर चौकशीचा कागद होता आणि डोळे दोन रात्री न झोपलेले होते.

"साहेब, ती खार मी बघितली नव्हती."

"कुठली खार?"

"सत्तेचाळीसची. मंगळवारची. मी खांबाखाली गेलोच नाही. इन्सुलेटर तेव्हाच तडकलेला होता. मी मान वर केली असती तर दिसला असता."

साहेब खुर्चीत मागे टेकला. "मामा, खार असेलही. मांजरीने नेली असेल. इन्सुलेटर नंतर तडकला असेल."

"साहेब, असेल नका म्हणू."

"मग काय म्हणू? तो इन्सुलेटर काल बदलला. जुना भंगारात गेला. कुठला तो आता मलाही सांगता येणार नाही. चौकशीवाल्यांनी बघितलं काय? कमरेला पट्टा, डोकं फुटलेलं, लाइन चालू, परवानगी घेतलेली नाही. ते लिहिणार, चालू लाइनवर चढला, विजेचा धक्का बसून पडला. स्वतःचा निष्काळजीपणा."

"तो चढला नव्हता. उलटा हात बघा त्याचा."

"डॉक्टरने लिहिलंय, उजव्या हाताला भाजल्याची खूण. उलटा-सुलटा लिहिलेलं नाही." साहेबाने आवाज खाली आणला. "तुमचे अकरा महिने राहिलेत. एकतीस वर्षांत तुमच्या नावावर एक खोटी नोंद नाही. तो भिंतीवरचा तक्ता तुमच्या जिवावर लागलाय. तोंडी सांगितलंत ते मी ऐकलं नाही. लेखी दिलंत तर मला ते पुढे पाठवावंच लागेल. मग तुमच्या प्रत्येक नोंदीवर ते बोट ठेवतील. विचार करा."

मामा विचार करायला घरी आला.

बारा दिवस तो विचारच करत होता. चौकशीचा निकाल लागला, सूचना फलकावर चिकटवला गेला. 'मृत कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' कर्मचारी तो वाचत आणि मामाकडे न बघता पुढे जात. त्यांना वाटे, जोडीदार गेला म्हणून मामा गप्प आहे. कुणीतरी त्याच्यासमोर चहा ठेवी. तो गार होई. घरी तो कागद घेऊन बसे. तारीख लिही, 'महोदय' लिही आणि थांबे.

"काय लिहायचंय एवढं?" बायकोने विचारलं.

त्याने तिला सांगितलं. सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"त्याच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"तिला सांगायच्या आधी मला का सांगितलंत?" ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

तेराव्या दिवशी लांब्याच्या बायकोचा फोन आला.

"मामा, एकदा घरी याल का? बाबांचं काही खरं नाही. जेवत नाहीत. दिवसभर यांना शिव्या देतात. म्हणतात, चालू लाइनवर चढला, माझं नाव बुडवलं. यांचे कपडे घरात ठेवू देत नाहीत. तुम्ही म्हणालात तर ऐकतील. सांगा ना त्यांना, चूक माणसाकडूनच होते म्हणून."

"येतो," मामा म्हणाला.

दुपारची वेळ होती. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पलंग, पलंगावर मिस्त्री. दोन्ही गुडघे गेलेले. ज्या माणसाच्या आवाजाने एकेकाळी खांब हलत, तो आता उशीला टेकून बसला होता आणि तीन बोटांच्या हाताने चादरीचा काठ ओढत होता. दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. वरच्या घडीतून खाकी कापड दिसत होतं.

"आलास?" मिस्त्री म्हणाला. "बस. हिने बोलावलं ना तुला? माझी समजूत घालायला?"

"हो."

"घाल मग. माणूस चुकतो म्हण. मी पाचशे माणसं तारेवर चढवली. एक मेला नाही. आणि माझ्याच रक्ताचा हा गाढव, चालू लाइनवर, एकटा, परवानगी न घेता. त्याला काय शिकवलं होतं मी? काय शिकवलं होतं?"

"बाबा, हळू," सून म्हणाली. ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मामाने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "मिस्त्री, तो चढला नव्हता."

"निकाल वाचला मी."

"निकाल चुकीचा आहे. तो जमिनीवर उभा होता. माप घेत होता. पट्टा तो घरातूनच बांधून निघायचा, तुम्हाला माहीत आहे. त्याचा हात मी बघितला. दवाखान्यात."

मिस्त्रीच्या तीन बोटांनी चादर ओढायची थांबवली. "कुठे भाजला होता?"

"पेरांवर. मधली दोन बोटं. तळवा स्वच्छ."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मिस्त्रीने आपला उजवा हात वर उचलला आणि हवेतच उलटा केला. मग तो मांडीवर ठेवला.

"उलटा लावला," तो म्हणाला.

"हो."

"मग खांबात वीज होती. चढायच्या आधीच होती."

"इन्सुलेटर तडकलेला होता. पट्टी तुटलेली."

"आणि तो तिथे एकटा गेला कशाला? माप घ्यायला? टोपीच्या मापाला?" म्हातारा हळूहळू एकेक पायरी चढत होता. एकेकाळी लाइनचा दोष तो असाच शोधायचा, टोकापासून. "टोपी खारीच्या खांबाला लागते. खार कुणी लिहिली?"

"मी."

"मढं?"

"नव्हतं."

"डाग?"

"मी गेलोच नाही, मिस्त्री. गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. मान दुखत होती. शिंपी म्हणाला खार असेल. मी लिहिली. तुमच्या मुलाने मला विचारलं, डाग आहे का. मी आहे म्हणालो."

सुनेने चौकट सोडली. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. तिथेच खाली बसली.

मामाला वाटलं होतं म्हातारा ओरडेल. काही फेकून मारेल. तो त्यासाठीच आला होता. म्हातारा ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "किती दिवस झाले?"

"सोळा."

"सोळा दिवस मी त्याला शिव्या दिल्या."

मामाने मान खाली घातली.

"पहिल्या दिवशी कळलं होतं तुला. हात बघितलास तेव्हा."

"हो."

"आणि तू घरी गेलास. जेवलास."

"हो."

"पोरी," मिस्त्री म्हणाला, "वही आण. रेघांची. आणि पेन."

ती उठली. मुलांच्या दप्तरातली वही घेऊन आली, मधलं जोडपान फाडलं. पान सरळ फाटलं. तिने ते मामाच्या मांडीवर ठेवलं, खाली जेवणाचं ताट पालथं घालून दिलं.

"लिही," मिस्त्री म्हणाला. "वरती तारीख. आजची."

मामाने लिहिलं.

"मंगळवारी सकाळी लाइन बंद पडल्याचे कारण शोधताना मी खांब क्रमांक सत्तेचाळीसपाशी गेलो नाही. पुढे."

"मानदुखीमुळे जाऊ शकलो नाही..." मामा पुटपुटत लिहू लागला.

"'शकलो नाही' असं नाही. गेलो नाही. पाय होते तुला."

मामाने खोडलं. पुन्हा लिहिलं.

"रजिस्टरमध्ये मी कारण खार असे नोंदवले. खार असेल असे वाटल्याने..." मामा मोठ्याने म्हणत लिहिता लिहिता थांबला.

"काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही. बघितली का? नाही. मग तसं लिही. मेलेली खार मी बघितली नाही. डाग बघितला नाही. नोंद खोटी आहे." म्हाताऱ्याचा आवाज कोरडा होता. तीस वर्षांपूर्वी नव्या पोरांना तो याच आवाजात अर्ज सांगायचा. "आता जोडीदाराचं लिही. डाग आहे असे मी त्याला खोटे सांगितले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो माप घेण्यास गेला. तो खांबावर चढला नव्हता. भाजल्याची खूण उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूस, मधल्या दोन बोटांच्या पेरांवर, मी स्वतः बघितली आहे. 'स्वतः' या शब्दाखाली रेघ मार."

मामाने रेघ मारली. पेनाने कागद थोडा फाटला.

"इन्सुलेटरचं लिही. किती लांब चीर, ओघळ कुठपर्यंत. आणि कधी बदलला. कुणी बदलला ते माहीत असेल तरच लिही. माहीत नसेल तर सोड."

पान भरलं. दुसऱ्या पानावर चार ओळी गेल्या. मामाने सही केली. नाव पूर्ण लिहिलं, त्यापुढे कर्मचारी क्रमांक. सुनेने कागद हातात घेतला आणि उभ्यानेच वाचला. एका जागी ती थांबली, नजर वर गेली, पुन्हा खाली आली. तिचे ओठ हलत होते. मग तिने कागदाची घडी घातली.

"दे," मामा उठत म्हणाला. "जाताना साहेबाच्या टेबलावर ठेवतो."

"नको मामा. मी नेते."

"तुला कशाला चक्कर? वाटेवरच आहे माझ्या."

"मी नेते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोच घेऊन येते."

मामाचा हात पुढे आलेला होता. तो त्याने मागे घेतला. संपूर्ण विभागात त्याच्या नोंदीवर कुणी कधी दुसरी सही मागितली नव्हती.

"पोचेवर शिक्का बघ," मिस्त्री म्हणाला. "आणि तारीख. आणि याची एक नक्कल दुकानातून काढून घे आधी. ती घरी राहू दे."

"हो बाबा."

तिने कागद पिशवीत घातला. दाराशी गेल्यावर ते गाठोडं बघितलं, उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मग चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर तिची पावलं भराभर उतरत गेली.

मिस्त्रीने भिंतीकडे तोंड केलं. मामा पालथ्या ताटावर हात ठेवून खुर्चीत बसून राहिला. जा, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.